घाणेरीच्या आडोशाचं चंदन

अक्का, तुझ्या जागेतलं चंदनाचं झाड पिवळं पडायला लागलंय.

तुला जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत, आणि तुला सांगायची पहिली बातमी ही. तसं सांगण्यासारखं बरंच आहे. तुझ्या कॉलेजातल्या मुली येऊन गेल्या. त्यांनी गुलाबाचे हार आणले होते, विकतचे, आणि दारात शिरताना माझे गुलाबांचे वाफे बघून बिचाऱ्या ओशाळल्या. तुझी वेताची खुर्ची मी अजून व्हरांड्यातच ठेवली आहे. तुझ्या खोलीतला पलंग हलवू या असं हे दोनदा म्हणाले आणि माझा चेहरा बघून सायकल काढून कामाला गेले. पण सकाळी खिडकी उघडली की नजर आधी त्या झाडाकडे जाते आणि बाकीचं सगळं मागे पडतं. शेंड्याची पानं कडांनी वाळली आहेत, खालची नुसत्या वाऱ्यानं गळतात. मी बागेत जन्म घालवलेली बाई. झाड दुखणाईत असलं की मला दुरून कळतं.

आपण ही जागा पहिल्यांदा बघायला आलो तो दिवस आठवतो? बनशंकरीच्या देवळाच्या अलीकडे, नाचणीच्या शेतांना लागून, शेजारी शेजारी दोन साइटी. इथे घराच्या जागेला साइट म्हणतात म्हणून आपणही म्हणायला लागलो. एक आमची, एक तुझी. ह्यांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. तू आमच्याही आधी इथे आली होतीस, मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवायला. बेळगावच्या आपल्या घरात मुलीनं इतक्या लांब एकटीनं जाऊन नोकरी करायची म्हणजे केवढं वादळ झालं होतं. त्या वादळानंतर मी तुझ्या मागोमाग अलगद आले, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, वाजतगाजत. माझ्या बाबतीत कुणी चकार शब्द काढला नाही. तू आधी वाट मळून ठेवली होतीस, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

जागा बघून मी कपाळाला हात लावला होता. वीटभट्टीवाल्यानं वरची सगळी माती ओरबाडून नेली होती. खाली उरला होता लाल, टणक मुरूम. ह्यांनी कुदळ मारून पाहिली तर ठिणगी उडाली. दूर्वासुद्धा उगवेल असं वाटत नव्हतं. मी घरी पोचायच्या आत मनातल्या मनात हिशेब लावला होता, की तळ्यातला गाळ किती आणायचा, शेणखत कुठून आणायचं, गुलाब कुठल्या बाजूला लावायचे. आणि तू वाटेत म्हणालीस, "माझ्या साइटीत मातीची एक पाटीही टाकायची नाही हं, इंदू."

"मग घर कशावर बांधणार?"

"घर नाही बांधायचं. तुझ्याकडेच राहते की. एका खोलीचं जड होईल का तुला?"

"मग जागा घेतलीस कशाला?"

"बघायला," तू म्हणालीस.

अक्का, हे मी लोकांना कसं सांगायचं, याचा तू कधी विचार केलास? चिकपेटेच्या बाजारात साडी घ्यायला गेलं की ओळखीचं कुणीतरी मराठी भेटायचंच, आणि साडीचा पोत बघता बघता विचारायचं, "अक्कांचं घर कुठपर्यंत आलं?" मी काय सांगणार? आमची अक्का एवढी शिकलेली, पण तिनं उघडा मुरूम विकत घेतलाय आणि सकाळी कॉफीचा पेला घेऊन ती त्याच्याकडे बघत बसते? मी म्हणायची, प्लॅन काढायचं चाललंय. बरीच वर्षं तुझ्या घराचा प्लॅन निघतच होता.

माझ्या बाजूला बैलगाड्या येत होत्या. गाळ, खत, लाल माती, सगळं रचून मी वाफे केले. तुझ्या बाजूला काहीच येत नव्हतं. मी तुला टोमणे मारायची, तू हसायचीस. एकदा मात्र चिडून म्हणालीस, "माती आणायची नसते गं, माती होते." मला ते भाषण वाटलं. तुमच्या वर्गात जाऊन सांगा, असं मी म्हटलं आणि आत निघून गेले.

मग एका पावसाळ्यात तू मला हाक मारलीस. स्वयंपाक टाकून यायला लावलंस. "ये लवकर, पाहुणे आलेत." मला वाटलं खरंच कुणी आलं. तू मुरमावर गुडघे टेकून बसली होतीस, चांगलं पातळ चिखलात. तुझ्या बोटापुढे काळपट हिरवा पापुद्रा होता, दुधावरची साय धरावी तसा. मी म्हटलं, "अगं, हे शेवाळ. न्हाणीघरातून आपण घासून काढतो ते."

"तेच. त्याला इथे घासणारं कुणी नाही म्हणून आलं." आणि मग तू मला समजावलंस, की ते वाळेल, मरेल, पुन्हा येईल, पुन्हा मरेल, आणि त्याच्या मेलेल्या चुऱ्यात धूळ अडकेल, एखादं बी अडकेल. मी म्हटलं, माझी आमटी करपेल. पण जाताना मी एक पाऊल लांब टाकलं, त्या पापुद्र्यावर पडू नये म्हणून. तू ते पाहिलंस, आणि मेहेरबानी करून बोलली नाहीस.

त्यानंतर कुसळी गवत आलं. पलीकडे जाऊन आलं की माझ्या पातळाच्या काठात कुसळं, ह्यांच्या पायमोज्यांत कुसळं. एकदांडीची पिवळी फुलं आली. आणि मग पावसाबरोबर टाकळा, इतका की मुरूम दिसेनासा झाला. तुझ्या साइटीचा मला झालेला पहिला फायदा तोच. कोवळा टाकळा खुडून मी भाजी केली, लसणाच्या फोडणीची, आणि तू दोनदा वाढून घेतलीस. "बघ, न पेरता," तू म्हणालीस. शेजारच्या नंजम्मालाही वाटीभर दिली. तिला आपली भाषा येत नाही, मला तेव्हा कन्नड धड येत नव्हतं. तिनं बोट चाटून "चेन्नागिदे", छान झालंय, असं म्हटलं आणि तिची आणि माझी गट्टी झाली ती तेव्हापासून. ते तीन-चार पावसाळे आपण दर वर्षी टाकळा खाल्ला.

आणि मग तो येईना. म्हणजे कडेकडेनं चार रोपटी, बाकी काही नाही. मधल्या जागेत तरवड माजला होता, रुई होती, आणि घाणेरी पसरत चालली होती. मी टोपली घेऊन गेले आणि रिकामी परत आले. मला राग आला. तुझ्या मुरमावर आधी आला टाकळा. ऊन त्यानं सोसलं, पाला त्यानं कुजवला, जमीन त्यानं मऊ केली, आणि नंतर येऊन ही घाणेरी त्याला हाकलणार. मी तुला तसं म्हटलं.

"कुणी हाकललं नाही त्याला," तू म्हणालीस. "त्याला उघडी जागा लागते. त्याच्यामुळेच जागा उघडी राहिली नाही."

"म्हणजे आधी येणाऱ्यानं सगळं करायचं आणि निघून जायचं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला काय म्हणायचंय ते तुला कळलं होतं. आई गेली तेव्हा मी लहान होते. माझी वेणी तू घातलीस, माझी शाळा तू बघितलीस, माझ्यासाठी स्थळं बघायला मोठ्या भावाबरोबर, अण्णाबरोबर, तू हिंडलीस, आणि तुझ्या स्वतःच्या लग्नाचं बोलणं त्यात कुठे राहून गेलं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी टोपली हातात घेऊन मी ते विचारणार होते.

"स्वतःकडे कशाला ओढतेस, इंदू?" तू म्हणालीस. "टाकळा म्हणजे टाकळा. त्याला काही त्यागबिग ठाऊक नाही. झाडांवरून माणसांची गोष्ट करायला लागलीस की ना झाड दिसतं, ना माणूस." आणि तू उठून आत गेलीस. तुला वर्गात असलं कुणी बोललेलं खपायचं नाही, हे तुझ्या कॉलेजातल्या मुलींनी परवा मला सांगितलं. तुझं बरोबर असेल. पण मला विचारायचं होतं ते राहिलंच की गं.

घाणेरीशी माझं सरळ वैर होतं. ती भिंतीवरून माझ्या गुलाबांवर यायची. लालबागेतल्या फुलांच्या प्रदर्शनात माझ्या गुलाबांना बक्षिसं मिळायची, आणि त्याच गुलाबांच्या डोक्यावर ही काटेरी, उग्र वासाची बया. शेवटी आपला तह झाला. भिंतीच्या अलीकडे जे येईल ते माझ्या कात्रीचं, पलीकडे असेल ते तुझं. मी कात्री घेऊन भिंतीशी उभी राहायची, तू पलीकडे खुर्ची टाकून बसायचीस. "काय दिसलं आज?" मी खवचटपणे विचारायची. "स्वल्प," तू म्हणायचीस. थोडंसं. इतकी वर्षं इथे राहून तुझ्या मराठीत जे चार कन्नड शब्द मुरले, त्यातला हा तुझा लाडका.

त्या घाणेरीत बुलबुल आले. फळं खायला यायचे, घरटी करायचे, दिवसभर किलबिल. आणि एक दिवस तू भिंतीवरून मला बोलावलंस, आवाज अगदी खाली आणून, जसं काही ते रोप ऐकेल. घाणेरीच्या आत, काट्यांच्या आडोशाला, वीतभर उंचीचं फिकट हिरवं रोप. "चंदन," तू म्हणालीस. कुठल्यातरी बुलबुलानं कुठलं तरी फळ खाल्लं होतं आणि घाणेरीत बसून बी टाकलं होतं. मी लगेच म्हटलं, "थांब, ही जाळी काढते, त्याला ऊन मिळू दे." तू माझा हात धरलास. एवढ्या जोरात तू माझा हात आधी कधी धरला नव्हतास.

"जाळी काढलीस तर ते जाईल."

तेव्हा तू मला सांगितलंस, की चंदन एकट्याच्या मुळांवर धड वाढत नाही. ते मातीखाली शेजाऱ्यांच्या मुळांना आपली मुळं चिकटवतं आणि त्यांच्यातलं ओढून घेतं. कोवळं असताना त्याला सावली लागते, गुरांपासून आडोसा लागतो. तुझ्या साइटीत ते सगळं घाणेरीनं पुरवलं होतं.

"म्हणजे चोरच की," मी म्हटलं.

"शेजाऱ्यांच्या जिवावर राहतं खरं," तू हसलीस. "मी नाही का राहत?"

मी तुला तेव्हा काहीतरी तिरकस उत्तर दिलं. खरं तर मला सांगायचं होतं, की त्या पूर्वेच्या खोलीत तू होतीस म्हणून ते घर मला परक्या गावातलं घर वाटलं नाही. असलं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. आज लिहिते आहे.

चंदन वाढलं. घाणेरीच्या वर डोकं काढलं. म्हैसूरच्या कायद्यानं चंदन कुणाच्याही जागेत उगवलं तरी ते सरकारचं, म्हणून हे तुला चिडवायचे, "अक्का, जागा तुमची, पण भाडेकरू सरकारी आहे हं." नंजम्मा पान चुरगाळून हुंगून बघायची आणि तोंड वाकडं करायची, कारण वास काही यायचा नाही. मलाही ती फसवणूकच वाटायची. तू सांगितलंस, की अजून गाभा धरायचाय, त्याला फार वर्षं लागतात, आपण असू-नसू. हे तू अगदी सहज म्हणालीस, उद्या कॉलेजला सुट्टी आहे असं सांगावं तसं. त्याच झाडाखाली शेवटच्या दोन वर्षांत करंजाची रोपं आली होती, एक कडुनिंबही होता. मुरमावर पालापाचोळ्याचा जाड थर झाला होता, हात घातला तर काळी, ओलसर माती लागायची. माझ्या गुलाबांच्या मातीपेक्षा चांगली होती ती. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस. एवढं तू जिंकली होतीस.

मग तुझं दुखणं. मला ते आधी कळलं. तू पायरी चढताना भिंतीला हात लावायला लागलीस, जेवण निम्म्यावर सोडायला लागलीस. डॉक्टरांनी पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं. मोठ्या इस्पितळात नेऊन कापून बघता येईल, पण उशीर झालाय, भरवसा देता येत नाही, असंही सांगितलं. मी बॅग भरायला घेतली होती. तू पलंगावर बसून माझ्याकडे बघत होतीस, तुझ्या त्या बघायच्या पद्धतीनं.

"नको," तू म्हणालीस.

मी भांडले. ओरडले. तुझ्या साइटीत तू काय वाटेल ते होऊ दिलंस, पण हे शरीर म्हणजे साइट नाही, असंही म्हटलं. तू ती बॅग बाजूला सारलीस. मग म्हणालीस, "इंदू, तुझा जीव तुटतो ते मला दिसतं. पण आता काही करू नकोस. नुसती बस माझ्यापाशी. बसशील?"

मी बसले. सगळं आयुष्य ज्या बाईचे हात कधी रिकामे राहिले नाहीत, ती मी तुझ्या उशाशी नुसती बसले. तुला हवं होतं म्हणून. तू खिडकीतून पलीकडे बघायचीस. कधी बुलबुल दिसला तर बोटानं दाखवायचीस. शेवटी शेवटी बोट उचलत नव्हतं, तेव्हा मीच सांगायची, आलाय गं, फांदीवर आहे. मला कृतज्ञ असायला हवं, की तुला घरच्या खोलीत, आपल्या माणसांत, खिडकी उघडी ठेवून जाता आलं. आहेच मी कृतज्ञ. आणि मला तुझा इतका राग येतो, अक्का, की भाजी चिरता चिरता विळी बाजूला ठेवावी लागते.

अण्णा बेळगावहून आला. गुडघे गेलेत त्याचे, दोघांनी धरून त्याला टांग्यातून उतरवलं. मोठा भाऊ म्हणून क्रिया त्यानंच करायची, पण त्याला खाली बसता येईना, म्हणून त्याच्या थोरल्यानं केली. अस्थी घेऊन आम्ही श्रीरंगपट्टणला गेलो, कावेरीवर. बायकांनी यायचं कारण नाही असं कुणीतरी म्हटलं. मी गेलेच. अण्णा मागे घरी राहिला, नंजम्मा आणि तिचे यजमान सोबतीला होते.

संध्याकाळी परत आलो, आणि मला आपली गल्लीच ओळखू येईना. भिंतीच्या पलीकडे उजेड होता. घाणेरी नव्हती, तरवड नव्हता, करंजाची रोपं नव्हती. सगळं मुळापासून खणून काढून एका कोपऱ्यात जाळलं होतं, अजून धूर येत होता. जमीन झाडून, शेणसडा घालून, रांगोळी काढावी अशी स्वच्छ केली होती. आणि मधोमध एकटं चंदन. त्याच्याभोवती गोल आळं केलेलं, आळ्याला दगड लावलेले, दगडांना चुना फासलेला.

अण्णा खुर्चीत बसला होता. त्याचे तळहात सोलवटले होते. मजूर लावले होते तरी हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या वाकून खुरपत होता.

"बघवत नव्हतं गं, इंदू," तो म्हणाला. "तेराव्याला बेळगावचे सगळे येणार. म्हणतील, वच्छी गेली आणि मागे रान सोडून गेली. कुणी बघणारं नव्हतं होय तिला? तिची जागा आहे ती. नीट करून दिली बघ. आणि चंदनाला धक्का लावू दिला नाही हं मी कुणाला. मजूर कुदळ मारायला निघाले होते, मी ओरडलो. वच्छीचं झाड ते."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लहानपणी तू पडलीस की तो असाच तुझ्याआधी रडायचा. मी आत गेले, तूप आणलं आणि त्याच्या हातांना लावलं. "छान केलंस, अण्णा," म्हटलं. तेराव्याची पंगत तिथेच बसली, तुझ्या साइटीत, मांडवाखाली. सगळ्यांनी चंदनाला हात लावून नमस्कार केला. तुझी आठवण म्हणून केवढं शोभून दिसतं, असं जो तो म्हणाला.

पाहुणे गेले आणि पानं पिवळी पडायला लागली. मला जे येतं ते मी केलं. पाणी घातलं, खत घातलं, माती मोकळी केली. नंजम्मा रोज कळशी घेऊन यायची. "स्वल्प नीरु हाकि, अक्का," म्हणायची. थोडं पाणी घाला. मलाही ती अक्काच म्हणते. माझे गुलाब जितक्या लाडानं वाढले, तितक्या लाडानं मी त्याला सांभाळत होते, आणि ते आणखी वाळत होतं. मातीखाली त्याची मुळं ज्यांना धरून होती ते सगळे गेले होते. पाण्यानं काय होणार? तू मला हे स्पष्ट सांगितलं होतंस, माझा हात धरून. नव्या मुळ्या तुटल्या, जुन्या शेजाऱ्यांची राख झाली, आणि आम्ही त्याला चुन्याच्या दगडांत देव करून बसवलं होतं.

परवा हे कारखान्यातून आले, सायकल भिंतीला लावली आणि झाडाकडे बघत उभे राहिले. "अक्का असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" त्यांनी विचारलं.

"राहू दे म्हणाली असती," मी म्हटलं. "आधी गवत येईल, मग टाकळा, मग घाणेरी. काही वर्षांत सगळं भरून येईल. हे गेलं तर दुसरं काही येईल."

"मग राहू दे की. त्यांची जागा आहे, त्यांच्याच रीतीनं होऊ दे."

ते बरोबर बोलत होते. तुझी रीत माझ्यापेक्षा त्यांना चांगली कळली होती. मला टाकळा परत मिळेल, हेही खरं. पण टाकळा येऊन जाईपर्यंत हे झाड काही थांबणार नाही. तू गेल्यावर तुझ्या त्या बघण्यातलं एवढं एकच जिवंत राहिलंय, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर वाळतंय.

काल सकाळी मी तुझ्या खुर्चीत बसून बघितलं. अगदी तुझ्यासारखी, कॉफी घेऊन, हात मांडीवर ठेवून. तुला वाटत होतं ते खरंच मला समजावं, म्हणून मनापासून बसले. कॉफी निवली. एक पान गळलं, मग दुसरं. तुझ्या उशाशी बसले होते तसंच ते बसणं होतं, आणि मला ते पुन्हा जमेना. मी उठले.

देवळाकडच्या वाटेला कुंपणाला घाणेरी आहे. माझी गुलाबांची कात्री घेऊन गेले आणि तिच्या काड्या कापून भारा बांधला. बसला थांबलेली माणसं माझ्याकडे बघत होती. वाटेत नंजम्मा भेटली. "अय्यो, इदु याके? कळे अल्लवा?" तिनं विचारलं. हे कशाला, हे तर तण. मी म्हटलं, "होय, कळेच बेकु." तणच हवं. ती गोंधळली, पण का ते सांगितल्यावर आत गेली आणि पदरात तोगरी घेऊन आली. तोगरी म्हणजे अख्खी तूर, बियाण्याची. तुरीची मुळं चंदनाला लवकर धार्जिणी होतात असं तूच कधीतरी म्हणाली होतीस. मी अण्णाचे चुन्याचे दगड काढले, आळं बुजवलं. झाडाला वळसा घालून तूर टोकली आणि तिच्या बाहेरून घाणेरीच्या काड्या रोवल्या, ओळीत नाही, जमतील तशा. हातांना ओरखडे आलेत आणि कितीही धुतले तरी तो उग्र वास जात नाही. अण्णाला काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

झाड जगेल असं मी म्हणत नाही. तूर उगवायला हवी, मुळं पोचायला हवीत, तोवर शेंड्यात जीव राहायला हवा. आणि जगलं तरी ते तुझ्या रीतीनं जगलेलं नसेल. तुझ्या साइटीला हात लावायचा नाही एवढी एकच गोष्ट तू माझ्याकडे इतक्या वर्षांत मागितलीस, आणि मी कोपरापर्यंत माती माखून तिथे बसले होते. तू असतीस तर बोलली नसतीस, नुसतं बघितलं असतंस, आणि मला ते रागावण्याहून जड गेलं असतं. पण मी थांबणार नाही, अक्का. उद्या सकाळी पुन्हा कात्री घेऊन जाणार आहे, काड्या कमी पडल्यात. काही करू नकोस, नुसती बस, असं तू म्हणालीस आणि मी बसले. जन्मात तुझं निमूट ऐकलं ते तेवढं एकदाच. आता नाही ऐकायची.